पुढच्या सीझनला: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

यंदा आमच्या वर्कशॉपला पंचवीस वर्षं झाली. मुलगी म्हणाली, "पपा, माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर 'आमची वाटचाल' टाकूया. दोन परिच्छेद लिहून द्या." बसलो लिहायला. पहिला परिच्छेद झटक्यात झाला. २००० साली गोव्यात साखळी गावाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात, एक वेल्डिंग सेट, एक हेल्पर, सचोटी, दर्जा वगैरे. दुसऱ्या परिच्छेदात २०१२ साल, म्हणजे खाणबंदीचं साल, आलं आणि पेन अडलं. तिथून पुढची बारा वर्षं दोन ओळींत कोंबायची म्हणजे "अनेक अडचणींवर मात करत" असं लिहायला हवं. ते मला लिहवेना. शेवटी माहितीपत्रकाचं तिनंच लिहून टाकलं, आणि मी हे.

आमचा धंदा टिपरच्या जॅकचा. टिपरचा हौदा वर उचलतो त्या सिलिंडरला आमच्याकडे सगळे जॅकच म्हणतात. एकात एक घातलेल्या नळ्या, खालून पंप तेल ढकलतो, नळ्या एकेक करत बाहेर येतात आणि दहा टन माल मागे सांडतो. खाणीवरच्या ट्रकचा जॅक लवकर मरतो, कारण लोहखनिजाची लाल भुकटी. ही भुकटी कपड्यांत बसली की तीन धुण्यांत जात नाही. ती नळीवरच्या तेलाच्या थराला चिकटते, हौदा खाली येताना सीलमध्ये शिरते आणि क्रोमवर उभा ओरखडा काढते. मग तेल झिरपतं, हौदा अर्ध्यावर अडतो, ड्रायव्हर शिव्या घालत आमच्या दारात. ओरखडा किती खोल आहे हे बघायला माझ्याकडे आजही महागडं यंत्र नाही. अंगठ्याचं नख आडवं फिरवायचं. नुसतं खरखरलं तर पॉलिश आणि नवं सील किट. नख अडकलं तर नळी बदला.

हे मला वडिलांनी शिकवलं. ते पाळेच्या बाजूला एका खाणीवर फिटर होते. आमच्या तालुक्यात त्या काळी घरटी एक माणूस खाणीवर, बार्जवर नाहीतर ट्रकवर असायचा. डिचोली, सत्तरी, पुढे उसगाव, धारबांदोडा, सांगे, सगळा हाच पट्टा. डोंगरात खाण, नदीकाठी जेटी, दोहोंच्या मध्ये ट्रक. जेटीवरून बार्ज मांडवीतून किंवा झुआरीतून मुरगावला, आणि तिथून जहाज जपानला. नंतर चीनला. पावसाचे चार महिने सगळं बंद. ऑक्टोबर उजाडला की सीझन. शाळेच्या वर्षासारखंच आमचं ते वर्ष होतं.

२००४ पासून पुढं जे झालं त्याला आम्ही भरती म्हणायचो. चीनला पोलाद हवं होतं, कसल्याही प्रतीचं खनिज चालत होतं. आधी जे हलकं म्हणून डोंगराएवढे ढीग करून टाकलेलं होतं, ते 'रिजेक्शन'सुद्धा विकायला लागलं. गोव्याची निर्यात २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या वर गेली. शिक्षकांनी ट्रक घेतले, पोस्टमननं ट्रक घेतला, ज्यांच्याकडे घ्यायला काही नव्हतं त्यांनी बायकोचे दागिने ठेवून घेतला. माझ्या शेडसमोर रात्री बारा वाजता सात-आठ टिपर रांगेत असायचे. हेल्पर एकाचे चौदा झाले.

हे सांगताना एक गोष्ट झाकून ठेवली तर बाकीचं खोटं वाटेल. त्या वर्षांत आम्ही हौद्याच्या वर फळ्या ठोकून उंची वाढवून द्यायचो. दहा टनाच्या गाडीत चौदा-पंधरा टन बसावा म्हणून. नियमात बसत नव्हतं हे मला माहीत होतं, ट्रकमालकाला माहीत होतं, आणि ज्यांनी बघायचं तेही रस्त्यावरूनच जात-येत होते. ओव्हरलोडमुळे जॅक लवकर जायचे, ते परत माझ्याकडेच यायचे. दोन्हीकडून कमाई. माझी थोरली बहीण शिरगावला दिलेली. तिच्या परसातली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवायला लागली, कारण शेजारची खाण विहिरीच्या तळापेक्षा खोल गेली होती. लईराईच्या जत्रेला गेलो की ती टँकरचं पाणी भरत असायची. "तुमचा सीझन बरा चाललाय ना?" एवढंच विचारायची. मी मान डोलवायचो.

आता गुंतवणुकीचं.

२०११ साली मी ठरवलं की मोठी उडी मारायची. जॅकच्या नळ्या आम्ही बाहेरून आणायचो. त्या इथंच बनवायच्या म्हणजे लांब बेडचा लेथ हवा, नळी आतून गुळगुळीत करणारं होनिंग मशीन हवं, तीन फेज लाइन, क्रेन, नवी शेड. सगळं मिळून साठ लाखांचा अंदाज. बँक तीस द्यायला तयार झाली. (त्या वर्षी खाणपट्ट्यात कर्ज न देणारी बँक शोधावी लागली असती.) माझे स्वतःचे दहा. उरलेले वीस तिघांनी घातले. दोन ट्रकमालक, प्रत्येकी सहा. आणि माझे मामा, आठ लाख. मामा हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे त्यांनी आठ वर्षं पोस्टात ठेवले होते. मी मागितले नव्हते. त्यांनीच एका रविवारी चेकबुक काढलं. "पोस्टात पैसे म्हातारे होतात," म्हणाले.

मामांना एकच शंका होती. ते रोज पेपर रेषान् रेषा वाचायचे आणि खाणींच्या बातम्या कापून एका फायलीत लावायचे. मला म्हणाले, "या सगळ्या लीजा २००७ साली संपल्या ना रे? मग आता कशावर चालल्यात?"

मी म्हटलं, "रिन्यूअलचे अर्ज केलेत. निर्णय होईपर्यंत चालू राहतं. डीम्ड."

"डीम्ड म्हणजे मानीव. मानीव म्हणजे नसलेलं आहे असं धरायचं." व्याकरणाचा तास घ्यावा तसं ते बोलले. "आठ लाख देतोय, ते खरेच आहेत हं. मानीव नव्हेत."

आम्ही दोघंही हसलो. तेव्हा मला ती गोष्ट नीट कळली नव्हती. नंतर वकिलांकडून, पेपरांतून आणि मामांच्या फायलीतून कळली. पोर्तुगीज काळात या खाणी कन्सेशन, म्हणजे कायमचा हक्क, म्हणून दिलेल्या होत्या. १९८७ च्या कायद्यानं त्या रद्द होऊन लीज झाल्या, त्याही मुक्तीनंतरच्या दिवसापासून, म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरून. पहिलं नूतनीकरण वीस वर्षांचं, ते २२ नोव्हेंबर २००७ ला संपलं. दुसऱ्या नूतनीकरणासाठी अर्ज पडले आणि टेबलावरच राहिले. सरकारनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नियमात सोय होती म्हणून मधली पाच वर्षं खाणी त्या न ठरलेल्या अर्जांवर चालल्या. नेमक्या त्याच पाच वर्षांत सगळ्यात जास्त माल गेला. म्हणजे लोक म्हणतात की २०१२ पासून परवाने रखडले, ते माझ्या मते बरोबर नाही. रखडायला २००७ लाच सुरुवात झाली होती. फरक एवढाच की तेव्हा रखडण्यात सगळ्यांची कमाई होती, म्हणून कुणी तक्रार केली नाही. मीही नाही.

नव्या शेडचं उद्घाटन २०१२ च्या दसऱ्याला करायचं ठरलं होतं. लेथ बसून झाला होता, होनिंग मशीन पेटीतच होतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल संसदेत ठेवला गेला. जवळजवळ पस्तीस हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा त्यात होता. गणेशचवथीला नऊ दिवस होते. १० सप्टेंबरला राज्य सरकारनं खाणी तात्पुरत्या थांबवल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर. विरोधात असताना लोकलेखा समितीचे अध्यक्ष म्हणून बेकायदा खाणींवर त्यांनीच रान उठवलं होतं, त्यामुळे आम्हाला वाटलं, भाई, म्हणजे पर्रीकर, कागदपत्रं तपासणार, वाईट ते बाजूला काढणार, दोन-तीन महिन्यांत चांगल्या खाणी सुरू. पाठोपाठ केंद्रानं पर्यावरण दाखले स्थगित केले. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं उत्खनन आणि वाहतूक दोन्ही थांबवली. आता तिन्ही कुलपं लागली होती आणि किल्ल्या तीन ठिकाणी.

दसऱ्याला लेथला झेंडूची माळ घातली. भटजींनी पूजा सांगितली. समोरच्या रस्त्यावर एकही ट्रक नव्हता. इतकी शांतता होती की घंटेचा आवाज मोठा वाटला.

त्यानंतरच्या काळात आमच्या दारातला एक संवाद ठरलेला. येणारा विचारायचा, "पात्रांव, मायनिंग केन्ना सुरू जातलें?" मालक, खाणी कधी सुरू होणार? आणि कुणीतरी उत्तर द्यायचं, "फुडल्या सीझनाक." पुढच्या सीझनला. हे उत्तर आमदाराकडून आलेलं असायचं, नाहीतर आमदाराच्या माणसाकडून. कुणाला दिल्लीहून आतली खबर असायची, कुणाला अमुक सचिवानं फायलीवर सही केल्याचं ठाऊक असायचं. खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. निम्म्यांचा स्वतःचाच विश्वास होता. पण त्या दोन शब्दांनी आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं बंदीनं केलं नाही. चौदा माणसं होती. 'कायमचं बंद' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं असतं तर पहिल्याच महिन्यात मी त्यांना दुसरीकडे चिकटवून दिलं असतं, मशिनं विकली असती, बँकेला कळवलं असतं. पुढच्या सीझनला सुरू होणार म्हणून अर्ध्या पगारावर आठ महिने थांबवून ठेवली. चांगला टर्नर परत मिळत नाही, ही भीती. थांबलेला माणूस आणि थांबलेलं मशीन, दोघांनाही गंज चढतो.

होनिंग मशीन पेटीतून काढलंच नाही. दर महिन्याला फळी उचकटून आत ग्रीस लावायचो आणि परत ठोकायचो. त्याचा हप्ता मात्र चालू.

दोन ट्रकमालक भागीदारांपैकी एकाचे चार टिपर होते. तो दर सोमवारी यायचा, उपड्या ऑइलच्या डब्यावर बसायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. पैशाचा विषय काढायचा नाही. २०१३ च्या मे महिन्यात एक दिवस पिकअप घेऊन आला. "माझे सहा लाख तू देऊ शकत नाहीस हे मला दिसतंय. कॉम्प्रेसर नेतो." मी अडवलं नाही. मोठा कॉम्प्रेसर, नवा घेतलेला, दीड लाखाचा. चौघांनी उचलून पिकअपमध्ये ठेवला. जाताना तो खिडकीतून म्हणाला, "तुझ्यावर राग नाही रे. पण कुणावर तरी काढायला हवा ना." त्याचे दोन टिपर नंतर भंगारात गेले. इंजिन चालू होतं त्यांचं.

सरकारनं ट्रकमालकांना दरमहा थोडी मदत सुरू केली, कर्जफेडीची योजनाही आणली. ट्रक आणि बार्जवाल्यांना त्याचा आधार झाला, ते नाकारत नाही. आमचं वर्कशॉप मात्र कुठल्या रकान्यात घालायचं यावर दोन टेबलांचं एकमत होईना. एक म्हणे हा खाण-आश्रित, दुसरा म्हणे हा लघुउद्योग. पाच फेऱ्या मारल्या आणि सोडून दिलं. त्यापेक्षा देवळाचं ग्रिल वेल्डिंग करून जास्त मिळत होते.

निकाल आला २१ एप्रिल २०१४ ला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सगळ्या लीज २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्या होत्या, त्यानंतरचं उत्खनन बेकायदा. पुढं खाणी चालवायच्या तर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा. मामांनी ती बातमी कापली, 'मानीव' या शब्दाभोवती लाल पेननं गोल केला आणि मला न दाखवता फायलीत लावली. मला ती पुष्कळ नंतर दिसली.

मग लीजांच्या नूतनीकरणाची धावपळ. इतकी वर्षं अर्ज हलले नव्हते, आणि आता ८८ लीज दोन-अडीच महिन्यांत नूतन झाल्या. शेवटची गर्दी जानेवारी २०१५ मध्ये झाली, कारण केंद्राचा अध्यादेश येत होता की यापुढं खनिज द्यायचं तर लिलावानंच. तो अध्यादेश १२ जानेवारीला आला. सात वर्षं सही होत नव्हती तिथं आठवड्यात ढीगभर सह्या. आमच्या बाजूला फटाके वाजले. मी पेढे वाटले. मामांना दिला तर म्हणाले, "आधी झोपले होते, आता धावतायत. मध्ये चालत कोण जाणार?"

खाणी २०१५ च्या पावसाळ्याअखेर सुरू झाल्या खऱ्या, पण बाजार कुठं होता? २०११ मध्ये टनाला १८० डॉलरच्या आसपास असलेला भाव २०१५ च्या डिसेंबरात ४० वर आला. आमचं खनिज ५८ टक्के लोखंडाच्या खालचं, म्हणजे हलकं, त्याला त्याहूनही कमी. वर निर्यात शुल्क, ते २०१६ च्या अर्थसंकल्पात निघालं. ट्रकवाल्यांना दर परवडेना, खाणवाल्यांना वाढवून देता येईना. काही गावांना धुळीचे ट्रक नको होते. सोनशीच्या लोकांनी २०१७ मध्ये रस्ता अडवला आणि गावातली पंचेचाळीस माणसं तुरुंगात गेली. तिथल्या एका घरी मी एकदा गेलो होतो. ताटावर पालथं ताट झाकून जेवण वाढून ठेवलं होतं, आणि वरच्या ताटावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. त्यांना कामही हवं होतं आणि श्वासही. दोन्ही एकदम मागितलं की माणूस कुठल्याच मोर्चात बसत नाही.

तरी २०१६-१७ चा सीझन बरा गेला. होनिंग मशीन अखेर पेटीतून निघालं. कॉम्प्रेसर घेऊन तोच भागीदार परत आला, त्याच पिकअपमधून. "हा ठेव, माझे सहा लाख परत चालू धर." मी मामांचे दोन लाख परत केले. बँकेचं खातं जरा रुळावर आलं तशी मॅनेजरनंच विचारलं, वाढवून देऊ का? मी आणखी बारा लाख उचलले आणि क्रोम ग्राइंडिंगचं मशीन घेतलं. हा माझा गाढवपणा. तो कुणाच्याही माथी मारता येत नाही. एकदा पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी सरळ दूधच उकळत प्यायलो.

७ फेब्रुवारी २०१८. सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या ८८ लीज रद्द केल्या. त्या घाईघाईनं केलेल्या नूतनीकरणावरच न्यायालयानं बोट ठेवलं. १५ मार्चपर्यंत मुदत, मग बंद. शेवटच्या आठवड्यात रस्त्यावर जी झुंड होती ती मी जन्मात पाहिली नव्हती. जितका माल जेटीवर जाईल तितका न्यायचा म्हणून टिपर दिवसरात्र. आमच्याकडे तेल गळणारे जॅक घेऊन माणसं यायची आणि म्हणायची, दुरुस्त नको, चार दिवस चालेल एवढं कर. १५ तारखेच्या रात्री मी सील बदलत होतो, तर ड्रायव्हर म्हणाला, "राहू दे आता. कशाला खर्च?" आणि ट्रक तसाच घेऊन गेला. वीसेक मीटरपर्यंत तेलाचा ओघळ गेला होता.

पुढच्या काही दिवसांत पणजीत पूल अडवले गेले, लाठ्या चालल्या. मग दिल्लीत धरणं. मग एक नवी मात्रा: १९८७ चा कायदा १९६१ पासून लागू न धरता १९८७ पासूनच लागू धरायचा, म्हणजे लीज २०३७ पर्यंत टिकतात. शिष्टमंडळं गेली, ठराव झाले, केंद्रात बोलणी चालू असल्याचं दर पंधरवड्याला कळायचं. परत मुख्यमंत्री झालेले पर्रीकर आजारी, मग १७ मार्च २०१९ ला ते गेले. त्यांच्या जागी आलेले मुख्यमंत्री तर आमच्या साखळीचेच आमदार. म्हटलं, आता तरी. मध्ये निवडणुका. प्रत्येक निवडणुकीच्या आधी 'पुढच्या सीझनला' जोरात ऐकू यायचं आणि निकालानंतर त्याचा आवाज बसायचा. २०२१ च्या जुलैत न्यायालयानं फेरविचार याचिकाही फेटाळल्या, तेव्हा कुठे तो विषय मिटला. त्याच वर्षी मे महिन्यात खनिजाचा भाव २०० डॉलरच्या पार गेला होता. कॉम्प्रेसरवाला भागीदार मोबाइलवर तो आकडा घेऊन आला होता, दाखवला, आणि नुसतं हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

या वेळी मी वाट बघितली नाही, एवढंच स्वतःच्या बाजूनं सांगतो. एप्रिल २०१८ मध्येच ग्राइंडिंग मशीन कोल्हापूरच्या एका फौंड्रीवाल्याला तोट्यात विकलं. नऊ माणसांपैकी पाच जणांना बसवून सांगितलं, हे परत सुरू होणार नाही असं धरून चला. झालं तर गावजेवण घालीन. एक टर्नर दुबईला गेला. एक वेल्डर पुढे गडचिरोलीला सुरजागडच्या खाणीवर लागला. तिथली लीज २००७ ची आणि जोमानं काम निघालं ते २०२१ मध्ये. फोनवर म्हणाला, "पात्रांव, हांगाय तीच काणी." इथंही तीच गोष्ट.

मी मोपा विमानतळाच्या कामावरचे टिपर धरले. बरं चाललं होतं. मार्च २०१९ मध्ये न्यायालयानं मोपाचा पर्यावरण दाखला स्थगित केला! मी मामांना फोन केला, ते मिनिटभर काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "तू जिथं जातोस तिथं हे होतं का रे?" जानेवारी २०२० मध्ये काम परत सुरू झालं, दोन महिन्यांत कोरोना. त्या काळाबद्दल वेगळं काय सांगू, सगळ्यांचं तेच.

ज्यानं तारलं ते काम भलतंच होतं. पंचायती आणि पालिकांच्या कचऱ्याच्या गाड्या. त्यांचे कॉम्पॅक्टर हायड्रॉलिकच असतात, आणि कुजलेल्या कचऱ्याचं पाणी सीलला खनिजाच्या भुकटीपेक्षा वाईट. वास असा की पहिल्या दिवशी पोरं जेवली नाहीत. पण कचरा थांबत नाही, त्याला सीझन नाही, त्याच्यावर कुणी स्थगिती आणत नाही. बिल सहा महिन्यांनी निघतं, पण निघतं. पाठोपाठ मालीम जेटीवरच्या ट्रॉलरचे विंच. खाऱ्या पाण्यात क्रोम फुगतं, ती वेगळी विद्या, चुकत-माकत शिकलो. तेव्हापासून वर्कशॉपात नियम आहे की कुठल्याही एका प्रकारचं काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. मुलगी हिशेब बघते. ती महिन्याच्या शेवटी रंगीत पेन्सिलींनी तीन पट्ट्या काढते आणि एक पट्टी वाढली की माझ्याकडे चष्म्यावरून बघते.

खाणींचा पहिला लिलाव २०२२ च्या डिसेंबरात झाला. डिचोली, शिरगाव-मये, शिरगावचाच आणखी एक आणि काले असे चार ब्लॉक. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रानं हलक्या खनिजावरही पन्नास टक्के निर्यात शुल्क बसवलं होतं आणि नोव्हेंबरात काढलं, म्हणजे लिलावाच्या ऐन तोंडावर. साठ वर्षांचा धंदा करणारी माणसं अशा वेळी बोली कशी लावतात, मला खरंच कळत नाही. लिलाव झाला म्हणजे खाण सुरू झाली असं आम्हाला वाटलं. पण नव्या लीजला पर्यावरण दाखला नव्यानं, त्यासाठी जनसुनावणी. मी एका सुनावणीला मागच्या रांगेत बसलो होतो. एक म्हातारी उठली, म्हणाली, आधी माझं शेत साफ करून द्या, त्यात तुमचा चिखल आहे, मग बोला. बाजूला बसलेला ट्रकवाला पुटपुटला, "परत सहा महिने गेले." मला दोघंही बरोबर वाटत होते, आणि मधल्या पंधरा वर्षांत ज्यांनी हे दोन्ही प्रश्न एका दुपारी सोडवायला हवे होते ते व्यासपीठावर पाणी पीत होते.

डिचोलीची खाण २०२४ मध्ये सुरू झाली. सहा वर्षांनी. बाकीच्या तेव्हा रांगेत होत्या. गावातून ट्रक नेऊ देणार नाही म्हणून अजून ठिकठिकाणी माणसं उभी राहतात, आणि ट्रकही आता ताडपत्री बांधून, जीपीएस लावून जातात. फळ्या ठोकून द्या म्हणून कुणी आलं नाही. आलं तरी देणार नाही.

पहिला टिपर आला तो एका पंचविशीतल्या पोराचा. बंदी आली तेव्हा हा बारा-तेरा वर्षांचा असेल. जॅक गळत होता. मी नळी बाहेर काढली, पुसली, नख फिरवलं. अडकलं. "नळी बदलावी लागेल," म्हटलं. तो म्हणाला, "उधार ठेवा, सीझन आत्ता सुरू झालाय." मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'खाणीच्या गाड्यांना उधारी नाही.' २०१८ साली मीच रंगवलेली, सहा वर्षं कुणाला दाखवायची वेळच आली नव्हती.

मामांचा शेवटचा हप्ता मी आदल्या वर्षी चवथीला दिला होता. व्याज घेतलं नाही त्यांनी. कॉम्प्रेसरवाल्याचे अजून दीड लाख द्यायचे आहेत, दर महिन्याला दहा हजार जातात. डिचोलीला काम सुरू झाल्याचं सांगायला मामांकडे गेलो तेव्हा ते व्हरांड्यात बसले होते, ऐंशीच्या घरात, कानाला यंत्र. फायल मांडीवर. आता तिची जाडी वीतभर झाली आहे.

"ही लीज किती वर्षांची?" त्यांनी विचारलं.

"पन्नास. नव्या कायद्यात पन्नास वर्षं आहे."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "बरं झालं," म्हणाले, "या वेळी रिन्यूअलची चिंता तुझ्या नातवानं करायची." आणि फायल माझ्या हातात दिली. ती आता वर्कशॉपात सील किटच्या कपाटावर आहे. मुलीनं तिच्यावर लेबल चिकटवलंय, 'मानीव'.